नगरसेवकाचे पद जाते, आमदाराचे फक्त नाव छापून येते

म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यात कावेरीकाठी वसलेले सोसले हे गाव मराठी वाचकाला ठाऊक असलेच, तर ते तेथील व्यासराज मठामुळे. या गावचा मतदार विधानसभेसाठी टी. नरसीपूर मतदारसंघात मत देतो आणि लोकसभेसाठी चामराजनगर मतदारसंघात. जवळच्या म्हैसूर शहराचा कारभार महापालिका पाहते. आमदार, खासदार आणि नगरसेवक या तिघांनाही आपली मालमत्ता जाहीर करावी लागते. मात्र तिघांचे नियम वेगळे आहेत आणि ते मोडल्याचे परिणाम तर त्याहून वेगळे.

आमदारांपासून सुरुवात करणे योग्य, कारण या बाबतीत कर्नाटक देशातील बहुतेक राज्यांच्या पुढे आहे. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना १९८४ साली संमत झालेल्या कर्नाटक लोकायुक्त कायद्याच्या कलम २२ नुसार विधानसभेच्या आणि विधान परिषदेच्या प्रत्येक सदस्याने दरवर्षी ३० जूनपूर्वी स्वत:च्या व कुटुंबाच्या मत्ता आणि दायित्वांचे विवरणपत्र लोकायुक्तांकडे द्यायचे असते. कुटुंब म्हणजे पती किंवा पत्नी आणि अवलंबून असलेली मुले व आई-वडील. उमेदवारांना मालमत्ता जाहीर करायला लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा पहिला निकाल २ मे २००२ रोजी आला. म्हणजे कर्नाटकाने हे पाऊल त्याच्या अठरा वर्षे आधीच टाकले होते.

विवरणपत्र दिले नाही तर काय होते, हा खरा प्रश्न आहे. मुदत उलटली की लोकायुक्त सक्षम प्राधिकाऱ्याकडे तसा अहवाल पाठवतात आणि त्याची प्रत संबंधित सदस्याला देतात. त्यानंतरच्या दोन महिन्यांतही विवरणपत्र आले नाही, तर राज्यात मोठा खप असलेल्या तीन वृत्तपत्रांत त्या सदस्याचे नाव प्रसिद्ध केले जाते. या कलमातील शिक्षा येथेच संपते. त्यात दंड नाही, भत्ता रोखण्याची तरतूद नाही आणि सदस्यत्वाला धक्का तर नाहीच. शिवाय जे विवरणपत्र येते ते जनतेसाठी प्रसिद्ध करावे, असेही हे कलम सांगत नाही. नाव छापायचे ते केवळ चुकारांचे. ज्यांनी कागद दिला त्यांच्या कागदात काय आहे, हे मतदाराला आपोआप कळण्याची सोय नाही.

दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना ही सवलत चकित करणारी वाटेल. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांखाली स्थावर मालमत्तेचे विवरण ३१ जानेवारीपर्यंत दिले नाही, तर अधिकाऱ्याचे दक्षता प्रमाणपत्र अडते आणि त्याबरोबर प्रतिनियुक्ती व महत्त्वाच्या पदावरील नेमणूकही अडते. ज्या सभागृहाच्या कायद्यांची अंमलबजावणी हा अधिकारी करतो, त्या सभागृहाच्या सदस्याला मात्र वृत्तपत्रात आलेले नाव तेवढे सोसावे लागते. निवडणूक जवळ नसेल तर तेही फारसे टोचत नाही.

म्हैसूरच्या नगरसेवकांची स्थिती याच्या उलट आहे. कर्नाटक महापालिका कायदा, १९७६ मधील कलम १९ नुसार नगरसेवकाला दरवर्षी मालमत्तेची घोषणा करावी लागते आणि ती न केल्यास किंवा खोटी केल्यास पद जाऊ शकते. निवडणुकीपूर्वीच्या प्रतिज्ञापत्राबाबतही न्यायालये महापालिका पातळीवर कठोर राहिली आहेत. रुक्मिणी मादेगौडा २०१८ साली प्रभाग ३६ मधून निवडून आल्या आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये म्हैसूरच्या महापौर झाल्या. प्रतिज्ञापत्रात पतीची मालमत्ता दडवल्याच्या कारणावरून त्यांची निवड रद्द झाली. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठेवली. पती-पत्नी वा अवलंबितांच्या मालमत्तेची खोटी माहिती देणे हा भ्रष्ट मार्ग ठरतो. त्याचा मतदानावर परिणाम झाला की नाही हे पाहण्याची गरज नाही, असे न्यायालयाने म्हटले.

खासदारांबद्दल थोडक्यात सांगता येईल. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७५अ नुसार त्यांनी शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत आपापल्या सभागृहाच्या प्रमुखांकडे मालमत्ता घोषित करायची असते. हे कलम फक्त संसदेपुरते आहे. राज्य विधिमंडळांसाठी केंद्रीय कायद्यात तसे काही नाही.

याचा अर्थ सीमाभागात जाऊन पाहिला की उलगडतो. निपाणीचा आमदार कर्नाटकाचा, म्हणून त्याने दर जूनमध्ये लोकायुक्तांना हिशेब द्यायचा. शेजारच्या कागलच्या आमदारावर १९७१ च्या महाराष्ट्र लोकायुक्त कायद्याने असे बंधन कधीच घातले नाही. नव्या लोकायुक्त विधेयकाला विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये आणि विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली, तेव्हा सारी चर्चा मुख्यमंत्र्यांना कक्षेत आणण्याभोवती फिरली. आमदारांच्या वार्षिक हिशेबाकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही.

वार्षिक बंधन नसले की उरते ते निवडणुकीच्या वेळचे प्रतिज्ञापत्र. ते पाच वर्षांतून एकदाच येते. फेब्रुवारी २०१९ पासून त्यात पाच वर्षांच्या प्राप्तिकर विवरणांतील उत्पन्न आणि परदेशातील मालमत्ता द्यावी लागते, ही सुधारणा महत्त्वाची आहे. पण माहिती दडवल्याबद्दल कलम १२५अ मधील कमाल शिक्षा सहा महिन्यांची आणि खटल्यांचा वेग सर्वश्रुत आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या प्रतिज्ञापत्रात दोन फौजदारी प्रकरणांचा उल्लेख नसल्याची तक्रार होती. तिचा निकाल लागून ते निर्दोष ठरले, ते सप्टेंबर २०२३ मध्ये. आरोप खरा असो वा खोटा, नऊ वर्षे ताटकळण्यात ना मतदाराचे हित ना उमेदवाराचे. न्यायालयांनी काही मर्यादाही आखून दिल्या आहेत. अरुणाचल प्रदेशातील तेजूचे आमदार कारिखो क्री यांच्या खटल्यात ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने कपडे, पादत्राणे, भांडीकुंडी अशी प्रत्येक वस्तू जाहीर करण्याची गरज नाही, असा निर्वाळा दिला. तो रास्तच आहे. मतदाराला आमदाराच्या घरातील भांडी मोजायची नसतात. पाच वर्षांत जमीन किती वाढली आणि ती कोणत्या उत्पन्नातून, एवढेच त्याला हवे असते.

नेमके तेच सांगणारा कागद कर्नाटकाकडे दरवर्षी जमा होतो. दोन प्रतिज्ञापत्रांच्या मधली वार्षिक विवरणपत्रे एकापुढे एक ठेवली, तर वाढ कोणत्या वर्षी झाली हे दिसू शकते. कलम २२ मात्र विवरणपत्र मागण्यापाशी थांबते. ते प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहण्याचे काम त्यात कोणावरही सोपवलेले नाही. बेकायदा खाणकामावरील ज्या लोकायुक्त अहवालानंतर जुलै २०११ मध्ये बी. एस. येडियुरप्पा यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, तो याच संस्थेचा होता. पुढे २०१६ मध्ये तिचे पोलिसी अधिकार भ्रष्टाचार प्रतिबंधक विभागाकडे गेले आणि ते परत मिळाले ऑगस्ट २०२२ मध्ये, उच्च न्यायालयाने तो विभागच रद्द केल्यावर. ज्यांच्याकडून हिशेब घ्यायचा, तेच हिशेब घेणाऱ्याचे अधिकार ठरवतात, ही अडचण बंगळूरला आहे तशी मुंबईलाही आहे.

त्यामुळेच १६ फेब्रुवारी २०१८ च्या ‘लोकप्रहरी’ निकालाचे मोल अधिक आहे. त्यात सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाचे स्रोत जाहीर करणे बंधनकारक केलेच, शिवाय खासदार-आमदारांच्या संपत्तीतील अवाजवी वाढीवर लक्ष ठेवणारी कायमस्वरूपी यंत्रणा उभारण्यास सांगितले. वर्षभरानंतर, मार्च २०१९ मध्ये, हे अद्याप का झाले नाही, अशी विचारणा न्यायालयाला केंद्र सरकारकडे करावी लागली.