मूळ आजाराची ओळ कोरी का?

दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर 'नमुना ४' भरतात. वरच्या ओळीत मृत्यूचं तात्कालिक कारण, त्याखाली त्यामागचं, आणि शेवटी मूळ आजार. देशात कोण कशानं मरतं, हे या शेवटच्या ओळीवरून ठरतं. आपल्याकडे नेमकी तीच बरेचदा कोरी. वर 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' लिहिलं की काम संपलं. अहो, हृदय आणि श्वास न थांबता कोण गेलंय आजवर? मरणाची पद्धत लिहू नका, अशी सूचना फॉर्मवरच छापलेली असते.

मी सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅब चालवते. मानेतल्या, काखेतल्या गाठी माझ्याकडे येतात, त्याही उशिरा. संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, उतरलेलं वजन ही लक्षणं टीबीचीही आणि लिम्फोमाची, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचीही. टीबी घरोघरचा, म्हणून तपासणीआधीच गोळ्या सुरू होतात. मध्यंतरी एका तरुण ट्रॅक्टरचालकाचा मामा गाठ घेऊन आला, ती जॅमच्या बाटलीत, सलाइनमध्ये. गाठ टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनचा थेंब नाही. कापायला घेतली तर आतून सडलेली. वास्तविक हॉजकिन लिम्फोमाची ती ठरावीक पेशी, घुबडाच्या डोळ्यांसारखी दोन केंद्रकं असलेली, नीट ठेवलेल्या अख्ख्या गाठीत शोधायची असते. सुईनं काढलेल्या चार थेंबांत ती हुकू शकते.

याच हॉजकिनवर १९६०च्या दशकात अमेरिकेत चार औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि पुढे तिथला मृत्युदर झपाट्यानं घसरला. तो घसरलेला दिसला, कारण मरणं आजाराच्या नावानिशी नोंदलेली होती. आपल्याकडे २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या जेमतेम १८ लाखांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं. बाकीच्यांत आमचे लिम्फोमाचे पेशंट किती, कोण सांगणार? पैसे संपले की पेशंट घरी आणतात. तो घरीच जातो. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात 'ताप', पेपरात 'अल्पशा आजाराने'.

हे सुधारत नाही असं मात्र नाही. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. तिथले कार्यकर्ते गावोगाव फिरून आजारी आणि मेलेले दोन्ही शोधतात. माझ्या मते आधी हेच वाढवावं. मोठी यंत्रं नंतर आली तरी चालतील.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर दवाखान्यानं मृत्यूच्या कारणाचा दाखला फुकट द्यायचा आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची, असा कायदा आहे. ती मागून घ्या. शेवटच्या ओळीत लिम्फोमा नसेल आणि बायोप्सीच्या रिपोर्टात असेल, तर रिपोर्ट समोर ठेवून तिथल्या तिथे दुरुस्ती करायला लावा. घरी वारलेल्यांसाठी 'नमुना ४अ' आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो भरून द्यायचा असतो. द्यायला टाळाटाळ केली, तर हटून बसा.