आधी कीर्ती, मग कान!

“घरगुती ध्वनिमुद्रण आम्ही विचारात घेत नाही,” असे आमच्या गावातील एका मंडळाच्या चिटणिसांनी माझ्या चार माजी विद्यार्थ्यांना सुनावले. दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमासाठी पोरांनी आपली दोन गाणी पाठविली होती. माजघराच्या भिंतींना गोधड्या टांगून, पंखा बंद करून, घामाघूम होत मोबाइलवर उतरविलेली. एका गाण्यात शेजारच्या कुकरची शिट्टी शिरली आहे, हे खरे. पण चिटणिसांनी त्या शिट्टीपर्यंत तरी कुठे ऐकले होते? ‘घरी केले’ एवढे कळताच निकाल तयार!

गंमत पुढेच आहे. याच गृहस्थांच्या दिवाणखान्यात बीटल्सची तसबीर झळकते. म्हणून मॅट्रिकपलीकडे न गेलेला हा मास्तर त्यांना एक धडा सांगू इच्छितो. 1958 च्या जुलैत ‘क्वारीमेन’ नावाचे पोरांचे टोळके लिव्हरपूलच्या केन्सिंग्टन रस्त्यावर पर्सी फिलिप्स यांच्या घरी गेले. राहत्या घरातल्याच एका खोलीत फिलिप्सनी ध्वनिमुद्रणाची सोय केली होती. जॉन लेनन 17 वर्षांचा, पॉल मॅकार्टनी 16 चा, जॉर्ज हॅरिसन 15 चा. ड्रम कॉलिन हँटनकडे, पियानो जॉन डफ लोकडे. साडेसतरा शिलिंगांत दोन गाण्यांची एकच तबकडी निघाली. ती आळीपाळीने सर्वांच्या घरी फिरली आणि शेवटी डफ लोकडे वीसहून अधिक वर्षे पडून राहिली. 1981 साली मॅकार्टनीने ती विकत घेतली, आणि 1995 साली ती गाणी जगाच्या कानी पडली.

आज त्या तबकडीची खरखरसुद्धा रसिकांना पवित्र वाटते! पण 1958 साली आमचे चिटणीस तिथे असते, तर त्यांनी काय केले असते, हे वाचकहो, तुम्हीच सांगा.

तेवढे लांब तरी कशाला जावे? कुर्ल्याच्या नेझीने 2014 साली आयपॅडवर आपले ‘आफत’ गाणे तयार केले. 2019 साली त्याच्यासारख्यांच्या आयुष्यावरून ‘गली बॉय’ चित्रपट निघाला, तेव्हा कुठे पांढरपेशा रसिकतेने मान डोलविली. आधी कीर्ती, मग कान, असा हा उलटा न्याय आहे.

“मग काय, मास्तर, प्रत्येक खरखर डोक्यावर घेऊन नाचायचे?” मुळीच नाही. गोधड्यांची हकिकत सांगून बेसूर गाणे सुरेल होत नाही. माझ्या पोरांचे दुसरे गाणे रडके आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितले. पण ते शेवटपर्यंत ऐकून सांगितले. नापास करण्याचा अधिकार पेपर तपासणाऱ्यालाच असतो. नुसते अक्षर पाहून पेपर भिरकावणाऱ्याला नसतो.

माझे मागणे फार नाही. गावातल्या वाचनालयांनी आणि मंडळांनी अशी गाणी ऐकावीत, आणि वाजविणाऱ्यांची नावे, तारीख, जागा लिहून जपून ठेवावीत. डफ लोने तबकडी सांभाळली म्हणून ती वाचली. मोबाइल मात्र विहिरीत पडतो, बिघडतो, विकला जातो, आणि त्याच्याबरोबर चार पोरांचे पहिले गाणेही जाते.

शिट्टीचे गाणे मी माझ्याकडे उतरवून घेतले आहे. चिटणिसांना सवड होईल तेव्हा त्यांनी यावे. चहा मी पाजीन. अट एकच, गाणे संपेपर्यंत उठायचे नाही!