शंभर किलोमीटरची घाई

पावसाळा सरला की पुणे, नाशिक, ठाणे, कोल्हापूर या शहरांच्या वेशीवर रविवारी पहाटे एक नेहमीचे दृश्य दिसू लागते. हेल्मेट, चकाकते जॅकेट आणि नव्या कोऱ्या गिअरच्या सायकली घेतलेले चाळिशीच्या आगेमागेचे स्त्री-पुरुष घाटाच्या दिशेने निघालेले असतात. याच सायकलींपैकी अनेक पुढच्या उन्हाळ्यात जुन्या वस्तूंच्या बाजारात विकायला येतात, तेही ‘जेमतेम वापरलेली’ अशा शेऱ्यासह. एवढ्या उत्साहाने घेतलेली सायकल बाल्कनीत का जाऊन बसते, याचे उत्तर बहुतेक वेळा आळस असे दिले जाते. ते अर्धवट आहे. यातले बरेच जण आळशी नसतात, उलट फार घाई केलेले असतात.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या गटात पूर्ण केली. दोन वर्षांनी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने पार पाडली. राज्यात लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे आकर्षण त्यानंतर चांगलेच वाढले. आषाढीआधी पंढरपूरला सायकलवारी निघते, गावोगावी सायकल क्लब आहेत. हे सगळे चांगलेच. पण त्यातून एक समजही पसरला: सायकल चालवतो म्हणजे शंभर किलोमीटर तरी व्हायला हवेत, आणि तेही लवकर.

या घाईची किंमत मोठी आहे, कारण मुळात व्यायाम करणारेच कमी आहेत. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. ‘पुरेशी’ची व्याख्याही काही फार अवघड नाही. आठवड्याला १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम म्हणजे रोज अर्ध्या तासाप्रमाणे पाच दिवस सायकल चालवली तरी भागते. अशा देशात स्वतःहून सायकल विकत घेतलेला माणूस तीन महिन्यांत दुखरा गुडघा आणि सुन्न झालेली बोटे घेऊन घरी बसणार असेल, तर तो तोटा त्याच्या एकट्याचा नाही.

दम वाढतो म्हणजे शरीरात नेमके काय होते? सगळे बदल एकाच वेगाने होत नाहीत, आणि घोटाळा तिथेच होतो. नियमित सायकल सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातील द्रव वाढतो, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते आणि तोच चढ सोपा वाटतो. त्यानंतर स्नायूंची पाळी. अमेरिकेतील जॉन हॉलोझी यांनी १९६७ मध्ये उंदरांना काही आठवडे धावपट्टीवर पळवून दाखवले, की त्यांच्या स्नायूंची प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. पेशींमधली ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढली होती. माणसातही हे घडते. त्याला आठवडे लागतात, स्नायूंभोवती केशवाहिन्यांचे जाळे दाट व्हायला त्याहून अधिक. सर्वांत मागे राहतात ते कंडरा आणि सांध्याभोवतीचे बंध. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भार पेलायची त्यांची तयारी महिन्यांच्या हिशेबाने होते. महिन्याभरात छाती म्हणते चला लोणावळ्याला, आणि गुडघ्याला ते कळवलेलेच नसते.

दुसरा मुद्दा वेगाचा. सपाट रस्त्यावर वेग वाढला की सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होऊ लागते, आणि हवेसाठी लागणारी ही ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर गेले, तर वेग सव्वापट होतो पण हवेपोटीचा खर्च जवळपास दुप्पट. तीसवर तो साडेतीनपटीच्या घरात जातो. गटातल्या अनुभवी माणसाच्या मागे लागून पाच किलोमीटरचा वेग वाढवणारा नवखा त्याची भरपाई पुढच्या दोन तासांत करतो. शिवाय त्याच्याकडे बहुधा जाड टायरची ‘एमटीबी’ असते आणि पुढच्याची रोड बाइक. तुलना तिथेच संपायला हवी.

मग किती हळू? यावर सध्या ‘झोन टू’ नावाची फॅशन आहे. मनगटी घड्याळ ठोके मोजते, पट्टा ओलांडला की थरथरते. मूळ कल्पना चुकीची नाही. स्टीफन सीलर यांनी जागतिक दर्जाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास करून दाखवले, की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सोप्या श्रमाची असतात. पण हे खेळाडू आठवड्याला पंधरा-वीस तास सराव करतात. ज्याच्याकडे आठवड्याला तीन तास आहेत त्याला हे गणित जसेच्या तसे लागू होईल असे नाही, आणि २०२५ मध्ये ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ या नियतकालिकातील एका आढाव्यानेही याच बाबीवर बोट ठेवले: वेळ कमी असेल तर थोडे जोराचे श्रमही हवेत. त्यातून ‘२२० वजा वय’ हे सूत्र इतके ढोबळ आहे, की एखाद्या व्यक्तीबाबत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकते. नवख्याला घड्याळापेक्षा गप्पा अधिक उपयोगी. सायकल चालवताना पूर्ण वाक्ये बोलता येत असतील तर श्रम योग्य. एकेक शब्द तोडून बोलावे लागत असेल तर जास्त. दीड-दोन महिने असे गेले, की आठवड्यातून एकदा एखादा फ्लायओव्हर दोन-चार वेळा जोरात चढावा. त्याआधी नको.

आठवड्याला तीन वेळा सायकल हा बहुतेक नोकरदारांना झेपणारा हिशेब आहे. दोन फेऱ्या अर्ध्या-पाऊण तासाच्या आणि रविवारी एक लांबची. लांबची फेरी सुरुवातीला तासाभराची पुरे. दर आठवड्याला ती दहा-पंधरा मिनिटांनी वाढवावी आणि चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करावी. किलोमीटर न मोजता वेळ मोजलेला बरा. कात्रजचा घाट आणि सोलापूर रस्त्याचा सपाट भाग यांतले वीस किलोमीटर सारखे नसतात. या गतीने तीन-चार महिन्यांत चार तास बसता येते.

बसता येते, हा शब्द शब्दशः घ्यावा. पुष्कळांचा दम टिकतो, पण सीट टिकू देत नाही. सीटची उंची अशी हवी, की टाच पेडलवर ठेवली असता पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ होईल. मग चवडा ठेवल्यावर गुडघ्यात थोडा बाक राहतो. दुकानातून आणली तशी खाली बसवलेली सीट गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणे देते. दुसरा नेहमीचा दोष जड गिअरचा. रग लागेल असा गिअर ओढत राहण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ७०-८० फेरे मारले तर गुडघे वाचतात. गादीसारख्या मऊ सीटचे आकर्षण मात्र सोडावे. तासाभराने तीच जास्त काचते.

खाण्यापिण्याबाबत रविवारच्या सायकलस्वारांत दोन टोके दिसतात: उपाशीपोटी निघणारे आणि तीस किलोमीटरनंतर मिसळीवर दोन वाट्या तर्री घेणारे. शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पिष्टमय साठा असतो. जोरात चालवले तर तो दीड-दोन तासांत तळाला जातो आणि पाय अचानक रिकामे होतात. दीड तासापर्यंतच्या फेरीला पाणी पुरे. त्यापुढे दर तासाला ३० ते ६० ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर किंवा गुळाची पोळीही चालते. पाणी तहानेप्रमाणे घोटघोट प्यावे, उन्हात जरा जास्त. तासन् तास नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातील सोडियम उतरू शकते. लांब फेरीत लिंबू-मीठ-साखर सोबत असावी.

सर्वांत कमी बोलला जाणारा विषय हृदयाचा. अनेक देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्यक वय ५३ आढळले, इतरत्र ते जवळपास ५९ होते. सायकल सुरू करण्याचे आपल्याकडचे वय आणि हा आकडा फार दूर नाहीत. याचा अर्थ सायकल धोक्याची असा नाही. नियमित मध्यम व्यायामाने धोका घटतोच. धोका असतो तो वर्षानुवर्षे बसून काढलेल्या शरीराने अचानक जिवाच्या आकांताने घाट चढण्यात. चाळिशी ओलांडलेल्या, मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात लहान वयात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. चढावर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी असे काही झाले तर ‘वरपर्यंत तर जाऊ’ म्हणू नये. तिथेच थांबून मदत मागावी.

ज्यांना शंभरीच्याही पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी ‘बीआरएम’ची वेळमर्यादा बोलकी आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ६०० ला ४० तास. दोनशेचा हिशेब केला तर चहा, जेवण, पंक्चर धरून ताशी १५ किलोमीटरही पडत नाहीत. चार वर्षांतून एकदा होणाऱ्या आणि पुन्हा २०२७ मध्ये येणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या बाराशे किलोमीटरसाठी ९० तास मिळतात. तिथे पोहोचणारे भारतीय रविवारी सकाळी सर्वांत पुढे पळणारे असतात असे नाही. नेमके कुठे थांबायचे आणि केव्हा खायचे, हे त्यांना ठाऊक असते.

मध्ये खंड पडतोच. पाऊस, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा. सायकल थांबली की आधी रक्तातील वाढलेला द्रव ओसरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत कमावलेल्या दमातला काही भाग जातो. सगळा जात नाही. परतल्यावर आधीच्या लांब फेरीच्या निम्म्या वेळेने सुरुवात केली, तर दोन-तीन आठवड्यांत गाडी पुन्हा रुळावर येते.