फुंकणीचा श्वास

गेल्या मार्गशीर्षात आम्ही रामबागेतील एका लग्नास गेलो होतो. जेवणाची व्यवस्था वरच्या मजल्यावर होती. आमच्या पुढे जिना चढणाऱ्या एका आजीबाई निम्म्यावर थांबल्या, कठड्यावर दोन्ही हात टेकून किंचित पुढे वाकल्या आणि ओठांचा चंबू करून त्यांनी सावकाश श्वास सोडला. आम्ही थांबलेले पाहून म्हणाल्या, "गुडघे हो, दुसरं काय! वय झालं." आम्हांला ते पटले नाही. दुखणे गुडघ्यांचे असते, तर ओठांचा चंबू करण्याचे काही कारण नव्हते.

पंक्तीत शेजारी बसल्यावर अधिक कळले. घरात कोणी विडीला स्पर्श केलेला नाही. परंतु १९६१ साली सोळाव्या वर्षी त्या इंदुरास सासरी आल्या, त्या थेट चुलीपुढे. पुढे वीस-बावीस वर्षे दोन्ही वेळचा स्वयंपाक लाकडांवर आणि गोवऱ्यांवर झाला. माजघरापलीकडच्या त्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही बोळाकडे उघडणारी. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या आई, आजी, आत्या अशाच घरांत नांदल्या. धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांना फुप्फुसांचा जो जुनाट विकार होतो आणि ज्यास डॉक्टर 'सी.ओ.पी.डी.' म्हणतात, त्याचे आपल्या देशातील एक मोठे कारण हा चुलीचा धूर होय. धूर थांबून चाळीस वर्षे लोटली तरी श्वासनलिकांना झालेली इजा पुरती भरून येत नाही.

या विकाराविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. श्वास घेता येत नाही, असे रोगी म्हणतो आणि आपण तेच खरे मानतो. वस्तुतः अडचण असते ती श्वास सोडण्याची, आणि सोडण्याच्या कामी मुख्य साहाय्य छातीचे नसून पोटाचे असते.

फुप्फुसांना स्वतःहून फुगण्याची शक्ती नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये पालथ्या वाटीसारखा जो स्नायूंचा पडदा आहे, तो श्वासपटल, खाली ओढला जातो तेव्हा हवा आत येते. तो सैल पडला की ताणलेली फुप्फुसे रबरासारखी आपोआप आकसतात आणि हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाचे पोट या वेळी जवळजवळ विश्रांतीच घेत असते. परंतु जिना चढताना, शिंकताना, आरतीचा स्वर लांबविताना किंवा शंख फुंकताना पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या चार जोड्या आवळल्या जातात, आतडी वर रेटली जातात, त्यांच्या रेट्याने श्वासपटल उचलले जाते आणि हवा जोराने बाहेर पडते.

खोकल्याचेही तेच. पाठीच्या कण्याला मानेखाली इजा झालेला माणूस पुष्कळदा श्वास स्वतः घेऊ शकतो, परंतु पोटाचे स्नायू लुळे पडल्यामुळे त्याला धड खोकता येत नाही. कफ आत साचतो आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर परिचारिका रोग्याला उशी पोटाशी घट्ट धरून खोकावयास सांगतात, त्यामागील हेतूही हाच. दुखऱ्या पोटाला आधार मिळाल्याखेरीज कफ सुटत नाही.

आता आजीबाईंकडे वळू. त्यांच्या श्वासनलिका धुराने अरुंद झाल्या आणि फुप्फुसांचा ताठा गेला. आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्यापूर्वीच पुढचा घेण्याची वेळ येते. शिळी हवा आत कोंडून राहते, छाती भरलेलीच राहते आणि पालथ्या वाटीसारखे श्वासपटल ताटलीसारखे सपाट होऊ लागते. सपाट झालेल्या स्नायूला ओढ उरत नाही. मग मानेचे स्नायू मदतीला धावतात. पुढे वाकून हात टेकले की पोटातील अवयव श्वासपटलाला खालून उचलून धरतात, त्याची गोलाई काहीशी परत येते आणि मानेलाही आराम पडतो. कठड्यावरील ते वाकणे कोणी शिकविले नव्हते. शरीराने स्वतःच शोधून काढले होते.

मग पोट जोराने आवळून हवा हुसकून लावावी काय? येथे मात्र सावध असावे. रोगाने दुबळ्या झालेल्या बारीक नलिका बाहेरून दाब वाढताच मिटतात आणि हवा अधिकच कोंडते. म्हणून ओठांचा चंबू. तोंडाशी वाट अरुंद केली की आतील दाब टिकतो आणि नलिका उघड्या राहतात. नाकाने दोन अंक मोजून श्वास घ्यावा, चंबूतून चार अंक मोजून सोडावा आणि शेवटी पोट हलकेच आत न्यावे, झटका नको. गंमत अशी की, ही क्रिया आजीबाईंना नवी नव्हती. फुंकणीने निखारा फुलविताना त्यांनी वर्षानुवर्षे तेच केले. दुर्दैव एवढेच की, फुंकणी बाजूला ठेवून घेतलेला पुढचा श्वास धुराचा असे.

नेहरू पार्कात सकाळी कपालभातीचे वर्ग चालतात. निरोगी माणसाने ती जरूर करावी. परंतु चुलीची वर्षे पाठीशी असलेल्या आणि धाप लागणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांना विचारल्याखेरीज पोटाचे हे झटके देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोट फुगवून श्वास घेण्याचा सरसकट उपदेशही आम्हांस मान्य नाही. श्वासपटल फार सपाट झाले असेल तर त्याने श्रम वाढतात. रोज चालणे, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, यांनी पाय आणि पोट दोन्ही कामास लागतात. स्नायू कितीही कसले तरी फुप्फुस पूर्ववत होत नाही, हेही सांगितले पाहिजे. उरलेला श्वास मात्र पुरवून वापरता येतो.

त्याआधी निदान हवे. विकाराच्या आरंभी छातीचा क्ष-किरण फोटो पुष्कळदा निर्दोष येतो. खरी परीक्षा स्पायरोमीटरची. जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने हे यंत्र १८४६ साली जगापुढे मांडले. आजची रीत अशी : छाती भरून घ्यावी आणि नळीत जोराने, निदान सहा सेकंद, फुंकावे. पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या किती हिस्सा बाहेर पडला, ते पाहतात. औषध दिल्यानंतरही तो सत्तर टक्क्यांहून कमी असेल, तर नलिका अरुंद झाल्या असे समजतात. उपचारात तोंडावाटे घ्यावयाचा फवारा येतो. 'पंपाची सवय लागते' ही आपल्याकडील भीती निराधार आहे. चष्म्याची लागते तितकीच.

आजीबाईंना त्यांच्या सुनेने गेल्या पंधरवड्यात तपासून आणले. फवारा सुरू झाला आहे. अंगणातला आंघोळीच्या पाण्याचा बंब मात्र अजून लाकडांवरच पेटतो. ते काम आता नातवाकडे दिले आहे, असे कळते.