बॅगेत आहे, पण कुठल्या?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडच्या सुमारास बाबांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्या काकांच्या गाडीतून आई त्यांना घेऊन पुढे गेली आणि आजी एकटी राहायला नको म्हणून मी घरी थांबलो. वीस मिनिटांत आईचा फोन. "अरे, डॉक्टर जुने कागद मागतायत. २०१९ चे, स्टेंट टाकला तेव्हाचे. बॅगेत आहेत, लगेच घेऊन ये." फोन कट.

कुठल्या बॅगेत? आमच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये त्या रात्री मी अकरा बॅगा उघडल्या. माझी लॅपटॉपची बॅग, ट्रेकची सॅक, चाकांच्या तीन बॅगा (पहिलीत दुसरी, दुसरीत तिसरी), आईची भिशीची बॅग, लग्नात आहेर म्हणून आलेली आणि अजून प्लॅस्टिकसुद्धा न काढलेली बॅग... आईचा फोन लागेना. शेवटी आजी दारात येऊन म्हणाली, "अरे, दप्तर बघ की. दिवाणात आहे." मी वैतागून म्हणालो, "आजी, या घरात आता कोण शाळेत जातंय?"

दिवाणात चादरींच्या खाली लाल फडक्यात बांधलेला, नाडीने आवळलेला कागदांचा गठ्ठा होता. आजोबा तलाठी होते. गावाचं सरकारी दप्तर अशाच फडक्यात बांधून घरी यायचं. त्यामुळे आजीच्या लेखी घरातले महत्त्वाचे कागद म्हणजे दप्तर. स्टेंटचं कार्ड, जुना ईसीजी, मेडिक्लेमची पॉलिसी, सगळं तिथे. नाडीचं टोक ओढलं आणि गाठ सुटली. (बाबा आता ठणठणीत आहेत. पुढचं वाचताना जीव टांगणीला नको.)

पण तो अर्धा तास काही डोक्यातून जात नाही. आजीने नेमका शब्द वापरला होता, मलाच तो कळला नाही. नंतर शोधाशोध केली. दप्तर हा शब्द फारसीतून आला, आणि त्याचं मूळ थेट ग्रीकमधल्या 'दिफ्थेरा'त आहे, म्हणजे कमावलेलं कातडं. अशा कातड्यावर लिहीत असत. (घटसर्पाचं डिप्थेरिया हे नावही त्याच कातड्यावरून पडलंय, कारण घशात तसा पापुद्रा धरतो.) कातडं, मग त्यावरची नोंद, मग नोंदींचा गठ्ठा. हिंदीत या शब्दाचं ऑफिस झालं, आणि आपल्याकडे शाळेची पिशवी. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात आणि गो. स. सरदेसाईंनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, हे मी कुठेतरी वाचलं होतं. पण त्या दप्तराचा आणि माझ्या तिसरीतल्या खाकी दप्तराचा संबंध आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही!

आता मुद्दा. जुने शब्द बघा. वळकटी म्हटलं की अंथरूण गुंडाळलेलं आहे हे कळतं. बोचकं म्हणजे फडक्यात कसंबसं कोंबून बांधलेलं. पडशी खांद्यावर, मागेपुढे लोंबणारी. बटव्याचं तोंड नाडी ओढून बंद होतं, चंचीत पानसुपारीचे वेगवेगळे कप्पे. नाव घेतलं की वस्तू कशी बांधली आहे आणि आत काय आहे, दोन्ही कळतं. आणि आपण? सगळ्याला बॅग. आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक व्हेरिएबल 'ऑब्जेक्ट' म्हणून डिक्लेअर करायचं. कंपाईल मस्त होतं, बोंब रात्री दीड वाजता रनटाईमला लागते.

"इंग्रजी शब्द आले म्हणून रडतोस होय?" असं एक मित्र म्हणाला. अजिबात नाही. आजी स्वतः ट्रंक आणि होल्डॉल म्हणते. ट्रंक म्हटलं की पत्रा, कडीकोयंडा आणि आतला डांबरगोळ्यांचा वास, सगळं आलं. सूटकेसही घ्या. ज्यांनी जन्मात सूट घातला नाही अशांच्या घरी माळ्यावर सूटकेस होती, पण कुणाचा कधी गोंधळ झाला नाही. आणि सॅक तर आपला खास शब्द. मूळ जर्मन रुकसॅक, म्हणजे पाठीवरची पिशवी. आपण त्यातली पाठ टाकून दिली आणि नुसतं पोतं ठेवलं, तरी मुंबई-पुण्यात सॅक म्हटलं की ती पाठीवरचीच! दुधाची पिशवी, शबनम, कॅरीबॅग, या शब्दांबद्दल माझी काही तक्रार नाही. शब्द कुठून आला याच्याशी मला घेणंदेणं नाही. त्याने काम करावं. 'बॅग' फुकट पगार खातेय, एवढंच म्हणणं आहे.

पडशी परत आणा असंही मी म्हणत नाही. पडशीच नाही तर शब्द काय करायचाय. पण घरात जी वस्तू अजून वापरात आहे, तिचं नाव तरी? ते लाल फडकं आमच्या दिवाणात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे आणि मी त्याला आयुष्यभर 'ते कागदांचं' म्हणत आलो.

बाबा घरी आल्यावर डिस्चार्जचे कागद मी स्वतः दप्तरात ठेवले आणि नाडी चांगली घट्ट बांधली. दुसऱ्या दिवशी मेडिक्लेमसाठी ते परत लागले, तर गाठ सुटेना. आजीने चष्मा लावून पाहिलं. "निरगाठ मारलीस रे. दप्तराला सुरगाठ मारतात." आणि नखाने ती गाठ सोडवत बसली.