"आम्हाला वाटलं, विकलीत!"

मागच्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनचा आठवडा, टेबलावर फाइलींचा ढीग, आणि त्यात रात्री साडेदहाला बाबांचा फोन. "आबांची गाडी चोरीला गेली गं."

मित्रांनो, खरं सांगते, मी हसले. कारण आमची गाडी म्हणजे 1978 ची प्रीमियर पद्मिनी. चारही टायर बसलेले, बॅटरी मेलेली, वर राखाडी कव्हर. साताऱ्याच्या आमच्या घरामागच्या बोळात ती तीन वर्षं जागेवरून हललेली नव्हती. जी गाडी आम्हाला सुरू करता येत नव्हती, ती चोरानं नेली कशी?

उत्तर मागच्या घरातल्या काकूंनी दिलं. "अहो, भरदुपारी क्रेन आली होती ना! दोन माणसं होती. कव्हर काढलं, घडी घालून भिंतीशी ठेवलं आणि गाडी उचलून नेली. आम्हाला वाटलं, विकलीत. म्हटलं, चला, बोळ तरी मोकळा झाला."

ही दुपार अकरा दिवसांपूर्वीची होती! म्हणजे अकरा दिवस गाडी जागेवर नव्हती आणि घरात कुणाला पत्ताच नव्हता. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आबांनी गाडी चालवणं सोडलं, मागच्या बाजूला जाणंही कमी झालं. बाबा पुढच्या दारानं ऑफिसला जातात. आणि मी हॉस्टेलवर. घरी गेले तरी मोबाइल चार्जिंगला लावण्यापलीकडे घरातल्या कुठल्या यंत्राकडे बघते?

पोलीस चौकीतल्या हवालदारांनी नीट तक्रार लिहून घेतली. भारतीय न्याय संहितेचं कलम 303, चोरी. मग त्यांनी साधे प्रश्न विचारले. चेसिस नंबर? इंजिन नंबर? ओळखीची काही खूण? अलीकडचा फोटो? आबांना गाडीचा नंबर तोंडपाठ. बाकी सगळ्यांची व्हायव्हात होते तशी अवस्था. आरसी बुक कपाटात तळाशी सापडलं, तर त्यावरचे आकडे पुसट झालेले. फोटो सापडला तो माझ्या बारशाचा, आणि त्यात गाडीचा फक्त एक हेडलाइट! विमा होता, पण थर्ड पार्टी. तो आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर उपयोगी, आपली गाडी गेली तर एक रुपया नाही.

हे सगळं हॉस्टेलवर सांगितलं तेव्हा दोन प्रतिक्रिया आल्या. पहिली, "तो डबा कोण चोरणार?" दुसरी, अर्थात आमच्या ई अँड टीसीवाल्यांची, "जीपीएस लावायचा ना यार!" माझ्या मते दोन्ही चुकीच्या. म्हणून हा लेख.

आधी डब्याचं बघू. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनू लागली. 1974 साली याच गाडीचं नाव पद्मिनी झालं. 2000 च्या सुमारास उत्पादन बंद पडलं आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली. म्हणजे आज कुणाला पद्मिनी हौसेनं उभी करायची असेल तर दरवाजा, बंपर, गिअरबॉक्स आणायचे कुठून? दुसऱ्या पद्मिनीतून! गाडी जितकी दुर्मीळ, तितके तिचे तुकडे मोलाचे. आणि अगदीच काही नाही तरी पाऊण टनाहून जास्त वजन आहेच, भंगारात किलोवर जाणारं. चोराला गाडी चालू हवी, असं आपण धरून चालतो. त्याला तशी गरजच नसते.

शिवाय नव्या गाड्या अवघड झाल्या की चोर जुन्यांकडे वळतात. हे माझं मत नाही, इतिहास आहे. पश्चिम जर्मनीनं 1960 च्या दशकात नव्या आणि जुन्या सगळ्याच गाड्यांना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि तिथल्या गाडीचोऱ्या चांगल्याच कमी झाल्या. ब्रिटनमध्ये 1971 पासून ते फक्त नव्या गाड्यांना आलं. मग चोरांनी काय केलं? लॉक नसलेल्या जुन्या गाड्या उचलल्या! आज तीच गोष्ट इमोबिलायझरची. नव्या गाडीच्या चावीत चिप असते, ती ओळखीची नसेल तर इंजिन सुरूच होत नाही. आमच्या पद्मिनीची चावी म्हणजे फक्त एक स्विच. तिला मालक कोण आणि चोर कोण, काय कळणार?

आता जीपीएस. मीही घरी जाताना एसटीत बसल्या बसल्या ब्लॉक डायग्राम काढला होता. जीपीएस, जीएसएम मॉड्यूल, गाडी हलली की आबांना मेसेज. मग हिशोब केला. समजा ट्रॅकर सतत 40 मिलिअँपिअर घेतो. म्हणजे दिवसाला जवळजवळ 1 अँपिअर-अवर. 35 अँपिअर-अवरची बॅटरी, तीही नवी आणि पूर्ण भरलेली, महिना-सव्वा महिन्यात झोपली! आमची तर आधीच झोपलेली. ट्रॅकरला त्याची स्वतःची बॅटरी दिली तरी ती चार्ज करायला कुणीतरी बोळात गेलं पाहिजे. आणि कुणी नेमानं बोळात जात असतं, तर ट्रॅकरशिवायही अकरा दिवस लागले नसते.

याचा अर्थ उपाय नाहीत असा नाही. उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत. बॅटरी तोडणारा कटऑफ स्विच. पेट्रोलच्या पाइपमध्ये एक छोटा कॉक : कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी पुढे जाते आणि चोराला घेऊन भर रस्त्यात बंद पडते. चाकाला क्लॅम्प. काचांवर कोरलेला गाडीचा नंबर, म्हणजे चोराला सगळ्या काचा बदलण्याचा खर्च. सगळ्यात मस्त उपाय म्हणजे रोटर काढून घेणं. डिस्ट्रिब्युटरमधला हा बोटभर तुकडा नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या महायुद्धात, 1940 साली, ब्रिटनमध्ये उभी केलेली गाडी अशी काही युक्ती करून निकामी ठेवणं कायद्यानंच भाग होतं, जर्मन सैनिक उतरले तर त्यांना आयती गाडी मिळू नये म्हणून! आबांना हा इतिहास माहीत नाही. पण नरसोबाच्या वाडीला गेलो की दर्शनाला निघण्यापूर्वी ते बॉनेट उघडायचे आणि रोटर रुमालात गुंडाळून खिशात टाकायचे. त्यांच्या मेकॅनिकनं शिकवलेलं.

काही जण म्हणतील, जुन्या गाडीला असलं काही लावू नये, तिचं मूळ रूप जातं. मुद्दा रास्त आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. आबांनी त्या बातमीचं कात्रण जपून ठेवलं होतं. 2028 ची वाट बघत होते ते... पण क्लॅम्प लावायला किंवा रोटर काढायला पत्र्याला एक भोकही पाडावं लागत नाही.

आता प्रामाणिकपणे एक कबूल करते. क्रेन घेऊन येणाऱ्या माणसाला रोटरशी काय देणंघेणं? कटऑफ स्विचशी काय? क्लॅम्पही फार तर दहा मिनिटं अडवेल. पण त्या दहा मिनिटांत काकूंना प्रश्न पडला असता, की गाडी विकत घेतली तर क्लॅम्पची चावी कशी नाही यांच्याकडे? त्यांनी बाबांना एक फोन केला असता. पुढचं सगळं टळलं असतं.

म्हणून माझं मत असं, की कुलूप चोराला थांबवतं त्यापेक्षा बघणाऱ्याला जागं करतं. आणि बघणारा जागा होण्यासाठी त्याला आधी माहीत हवं, की ही गाडी कुणाला तरी हवी आहे. आमच्या गाडीकडे बघून तसं कुणालाच वाटत नव्हतं. काकूंची चूक नाही. तीन वर्षं आम्हीच त्यांना दाखवत होतो, की आम्हाला ती नको आहे. आबांना हवी होती, पण त्यांना ती चालवता येत नव्हती आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

दर रविवारी पंधरा मिनिटं द्यायची होती फक्त. इंजिन सुरू करायचं, गाडी चार हात मागेपुढे घ्यायची, हवा बघायची. शेजाऱ्यांना सांगायचं, "विकायची नाहीये हं, कुणी आलं तर फोन करा." चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची, ठसा उमटतो, तो आरसी बुकात ठेवायचा. चारही बाजूंनी फोटो काढायचे. यात इंजिनिअरिंग काहीच नाही, म्हणूनच बहुधा आम्हाला सुचलं नाही.

गाडी अजून सापडलेली नाही. सापडली तरी एकसंध असेल असं वाटत नाही. आबा त्याबद्दल बोलत नाहीत. गेल्या महिन्यात घरी गेले तेव्हा त्यांच्या ड्रॉवरमध्ये एक जुना रोटर दिसला, कधीतरी स्पेअर म्हणून घेतलेला. मी काही न बोलता ड्रॉवर लावून टाकला.

आता आपल्याकडचं. आपल्या हॉस्टेलच्या बाइक स्टँडवर, कोपऱ्यात, धुळीनं माखलेल्या सात-आठ गाड्या आहेत. मी मोजल्यात. त्यातली एक जुनी आरएक्स 100 आहे, जिच्यासाठी लोक आज वेडे होतात. यातली एखादी उद्या दुपारी कुणी टेम्पोत घातली, तर आपल्यापैकी कोण हटकेल? "पासआउट झालेल्या कुणाची तरी असेल, घेऊन चालला असेल," असंच म्हणू ना आपण? रेक्टर सरांना विनंती, की त्या गाड्यांचे मालक शोधून एक यादी स्टँडच्या वॉचमनकाकांकडे द्यावी. आणि ज्यांच्या त्या गाड्या आहेत त्यांना विनंती, की आज मेसला जाता जाता एकदा किक मारून बघा. सुरू नाही झाली तरी चालेल. वॉचमनकाकांना दिसेल तरी, की ही तुमची आहे.