माशांच्या खाद्यातील पारा आणि सैल झालेले माप

युरोपीय संघाने २०१० साली पशुखाद्याच्या नियमांत एक लहानशी दुरुस्ती केली. शेततळ्यांत व पिंजऱ्यांत पोसल्या जाणाऱ्या माशांच्या तयार खाद्यात तोवर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम पारा चालत असे. ती मर्यादा ०.२ करण्यात आली. या खाद्याचा मुख्य घटक असलेल्या मासळीच्या कुटीला मात्र ०.५ ची मुभा होतीच. अर्धे खाद्य अशा कुटीचे असेल, तर एकट्या तिच्यातूनच ०.२५ पारा येणार, हे शाळकरी गणित आहे. तेव्हा विसंगती होती हे खरे. पण ती मिटविताना वरचे माप खाली आणण्याऐवजी खालचे वर नेले गेले.

याचे कारण कच्च्या मालात आहे. समुद्रातील पारा सूक्ष्मजीवांच्या क्रियेने मिथिल पारा बनतो आणि लहान माशांतून मोठ्या माशांत साचत जातो. कुटी करताना पाणी उडून जाते. प्रथिनांना चिकटलेला पारा मागे उरतो. तो वेचून काढायला खर्च येतो, आणि हा खर्च ना कुटीवाल्याच्या हिशेबात धरलेला असतो, ना खाद्यवाल्याच्या. मिनामाताचा रोग १९५६ साली उघडकीस आला, तेव्हा असाच हिशेबाबाहेरचा खर्च तेथील कोळी कुटुंबांनी आपल्या देहाने फेडला होता. आजच्या पाळीव सॅमनमध्ये पारा सहसा कमीच आढळतो. त्याची मिनामाताशी बरोबरी करणे अन्यायाचे होईल. परंतु खर्च दुसऱ्याच्या माथी मारण्याची रीत तीच आहे.

नॉर्वेत १९९० साली सॅमनच्या खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग समुद्रातून येई. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांच्या आसपास उतरला. सोयाबीनसारख्या वनस्पतींनी पारा घटविला खरा, पण फॉस्फेट खतांतील कॅडमियम पिकांत उतरते, हेही विसरता येत नाही.

प्रयोगशाळेतील झेब्रा माशाची गोष्ट तर अधिकच विचित्र. धातूंच्या विषारीपणाच्या कित्येक चाचण्या त्याच्यावर होतात. उंदरांसाठी अमेरिकेत १९७६ साली प्रमाणित आहार ठरविण्यात आला. झेब्रा माशासाठी सर्वमान्य असा आहार अद्याप नाही. तुलनेसाठी निर्विष म्हणून वेगळा ठेवलेला मासाही खाद्यावाटे धातू खात असेल, तर दोन गटांतील फरक आक्रसतो आणि विष असते त्याहून सौम्य भासते.

खाद्याच्या पोत्यावर प्रथिने, स्निग्धांश, राख यांचे आकडे युरोपात छापावेच लागतात. त्यांच्याखाली पारा आणि कॅडमियम यांची आणखी एक ओळ छापायला कारखानदाराला चाचणीचा खर्च येईल. तो निदान ज्याचा त्याच्याच खात्यावर पडेल.